रात्री भरा, दिवसा वापरा : ब्रिटनमधल्या स्टोरेज हीटरच्या घरात पहिला हिवाळा

ब्रिटनमध्ये भाड्याचं घर दाखवताना एजंट ‘हीटिंग इलेक्ट्रिक आहे’ एवढंच म्हणतो आणि पुढच्या खोलीत शिरतो. नव्याने आलेल्या माणसाला त्यात काही खटकत नाही. जानेवारीचं बिल आलं की खटकतं. भिंतीला टेकून उभी असलेली पांढरी, जाडजूड, हलवायला गेलं तर जागची न हलणारी पेटी दिसली, तर तो स्टोरेज हीटर आहे. तो वाईट नसतो. पण त्याचं सगळं गणित घड्याळावर चालतं, आणि ते घड्याळ कुणी समजावून सांगत नाही. खालचं सगळं मुख्यतः इंग्लंड आणि वेल्समध्ये राहणाऱ्यांसाठी आहे. स्कॉटलंडचे नियम थोडे वेगळे असले तरी हीटर तोच.

आधी यंत्र कळू द्या

पेटीच्या आत उष्णता धरून ठेवणाऱ्या जड विटा असतात आणि विटांच्या मधून विजेची कॉइल फिरते. रात्री वीज स्वस्त असताना कॉइल विटा तापवते, आणि दुसऱ्या दिवशी ती धग हळूहळू खोलीत येते. पहाटे नळाला पाणी येतं तेव्हा पिंप भरून ठेवायचं आणि दिवसभर पुरवायचं, तसाच हा प्रकार. पिंप गळकं असलं तर संध्याकाळी तळ दिसतो, हेही तसंच.

स्वस्त रात्रीचा जो दर, त्याला ‘इकॉनॉमी सेव्हन’ म्हणतात. तो १९७८ मध्ये आला. मोठी वीजकेंद्रं रात्री सहज बंद करता येत नाहीत आणि रात्री वीज वापरायला गिऱ्हाईक नाही, म्हणून सात तास कमी दराने द्यायची, हा हिशेब. फ्लॅटमध्येच हे हीटर जास्त का दिसतात, यामागे एक दुर्घटनाही आहे. मे १९६८ मध्ये पूर्व लंडनमधल्या रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत गॅसचा स्फोट झाला आणि इमारतीचा एक कोपरा पत्त्यांसारखा कोसळला. त्यानंतर अनेक उंच इमारतींमधून गॅस काढून टाकला. अशा ठिकाणी उरली ती वीज.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : कोणताही साधा इलेक्ट्रिक हीटर एका युनिटमधून एका युनिटचीच उष्णता देतो. पन्नास पौंडांचा असो की आठशेचा, ‘सिरॅमिक कोअर’वाला असो की ‘जर्मन तंत्रज्ञान’वाला. स्टोरेज हीटर वीज वाचवत नाही, तो फक्त स्वस्त वेळेची वीज उचलतो. तेव्हा रात्रीचा दर नसेल, तर त्याच्यात दम नाही.

पहिली पायरी : सही करण्याआधी ईपीसी उघडा

ईपीसी म्हणजे घराच्या ऊर्जाक्षमतेचा दाखला. आपल्याकडे फ्रिज-एसीवर बीईईचे तारे असतात, ते यंत्राला मिळतात. इथे अख्ख्या घराला अक्षर मिळतं, ‘ए’ पासून ‘जी’ पर्यंत. सरकारच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की दाखला फुकट बघायला मिळतो, एजंटकडे मागायचीही गरज नाही. तो दहा वर्षं चालतो, म्हणून तारीख बघा. आठ वर्षांपूर्वीच्या दाखल्यातला हीटर आज त्या भिंतीवर असेलच असं नाही.

अक्षरामागे १०० पैकी गुण असतात. ६९ ते ८० म्हणजे ‘सी’, ५५ ते ६८ ‘डी’, ३९ ते ५४ ‘ई’, त्याखाली ‘एफ’ आणि ‘जी’. इंग्लंड-वेल्समध्ये एप्रिल २०२० पासून ‘ई’च्या खालचं घर भाड्याने ठेवता येत नाही, मालकाने अधिकृत सूट नोंदवली असेल तर गोष्ट वेगळी. ‘एफ’ दिसला तर मालकाला सरळ विचारा, सूट नोंदवली आहे का?

बहुतेक लोक अक्षर बघतात आणि पान बंद करतात. खरी माहिती खालच्या तक्त्यात असते. भिंती, छत, खिडक्या, हीटिंग, हीटिंगचं नियंत्रण, गरम पाणी, प्रत्येकासमोर ‘व्हेरी पुअर’ ते ‘व्हेरी गुड’ असा शेरा असतो. हीटिंगसमोर ‘इलेक्ट्रिक स्टोरेज हीटर्स’ आणि नियंत्रणासमोर ‘मॅन्युअल चार्ज कंट्रोल’ लिहिलं असेल, तर जुने, हाताने फिरवायचे नॉबवाले हीटर आहेत. ‘हाय हीट रिटेन्शन’ हे शब्द दिसले तर नव्या पिढीचे. ‘रूम हीटर्स, इलेक्ट्रिक’ असेल तर स्टोरेज नाहीच, भिंतीवरचे साधे पॅनेल आहेत आणि ते दिवसाच्या दराने चालतात. भाडं दहा-वीस पौंडांनी कमी असलं तरी मी अशा घरापुढे दोनदा विचार करेन.

भिंतीसमोर ‘ॲझ्युम्ड’ असा शब्द दिसेल. तपासनिसाने भिंत फोडून बघितलेली नसते. बांधकामाच्या काळावरून त्याने अंदाज बांधलेला असतो. ‘नो इन्सुलेशन, ॲझ्युम्ड’ हे वाचून घाबरू नका आणि ‘इन्सुलेटेड, ॲझ्युम्ड’ वाचून हुरळूही नका. घर बघायला गेल्यावर बाहेरच्या भिंतीला आतून हात लावा. नोव्हेंबरमध्ये हात लावला की जे कळतं ते दाखल्यात नसतं.

आणि गोम इथे आहे. ईपीसीचे गुण हे मुळात घर उबदार ठेवायच्या खर्चावर ठरतात. कुणाचा खर्च? तुमचा नाही. ठरावीक माणसं, बैठकीची खोली २१ अंशांवर, आणि ठरावीक दर धरून काढलेला. तपासनिसाला दोन दरांचं मीटर दिसलं की तो रात्रीचा स्वस्त दर धरून मोकळा होतो. पण आधीच्या भाडेकरूने कंपनी बदलताना एकाच दराची योजना घेतली असेल, तर? दाखल्यात ‘डी’, आणि बिल मात्र दोन पायऱ्या खालचं. दाखला खोटा नसतो. तो ज्या दरावर उभा आहे तो दर तुमच्याकडे नसतो, इतकंच.

दुसरी पायरी : चावी मिळाली की आधी मीटर

सामान उघडायच्या आधी मीटरचं कपाट उघडा आणि फोटो काढा. दोन आकडे आहेत का? जुन्या मीटरवर ‘लो’ आणि ‘नॉर्मल’ अशा दोन ओळी असतात. डिजिटल किंवा स्मार्ट मीटरवर बटण दाबत गेलं की ‘रेट वन’, ‘रेट टू’ असे आकडे येतात. कोणता आकडा रात्रीचा, हे प्रत्येक मीटरवर सारखं नसतं. संध्याकाळी आठला एकदा आणि सकाळी उठल्यावर एकदा वाचून बघा. रात्रीत जो उड्या मारून वाढला तो रात्रीचा.

मग वीजकंपनीला फोन करा. तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या :
माझ्या खात्यावर दोन दरांची योजना आहे का?
दिवसाचा आणि रात्रीचा दर किती पेन्स?
स्वस्त तास नेमके किती ते किती?

शेवटच्या प्रश्नावर अडून राहा. ‘साधारण रात्री’ हे उत्तर नाही. तास भागाप्रमाणे आणि मीटरप्रमाणे बदलतात. शिवाय बरीच मीटर वर्षभर हिवाळ्याच्या घड्याळावरच चालतात. म्हणजे मार्चच्या शेवटच्या रविवारी सगळ्या देशाची घड्याळं तासभर पुढे जातात, मीटर जात नाही. हिवाळ्यात साडेबारा ते साडेसात असलेली वेळ उन्हाळ्यात दीड ते साडेआठ होते.

भाडेकरू असलात तरी बिल तुमच्या नावावर येत असेल तर कंपनी आणि योजना निवडायचा हक्क तुमचाच. करारात काही वेगळं लिहिलं असेल तर वाचून घ्या, पण ‘मालक नाही म्हणतो’ एवढ्यावर गप्प बसू नका.

दोन दरांची योजना परवडते का, याचा हिशेब कागदावर करा. समजायला आकडे धरू : दिवस ३२ पेन्स, रात्र १५ पेन्स, आणि एकाच दराची योजना २६ पेन्स. मधल्या आकारात १.७ किलोवॅटचा जुना हीटर असतो. तो सात तास चालला की साधारण १२ युनिट घेतो. रात्रीच्या दराने ते झाले १ पौंड ८० पेन्स, एकाच दराने ३ पौंड १२ पेन्स. असे दोन हीटर रोज पूर्ण भरले तर महिन्याला ७९ पौंडांचा फरक. पण दुसरी बाजूही आहे : दोन दरांच्या योजनेत दिवसाची वीज महाग पडते. या आकड्यांत एकूण वापराच्या ३५ टक्क्यांहून जास्त वीज रात्रीची असेल तरच ती योजना फायद्याची. हीटर नीट वापरले तर हिवाळ्यात ते सहज होतं. उन्हाळ्यात होत नाही, म्हणून वर्षाचा हिशेब धरा. दर ऑफजेमच्या, म्हणजे वीज-गॅसवरच्या सरकारी नियामकाच्या, मर्यादेप्रमाणे दर तीन महिन्यांनी हलतात, तेव्हा माझे आकडे न वापरता तुमच्या बिलावरचे घाला.

कपाटात मीटरशेजारी आणखी एक काळी डबी दिसली, ‘रेडिओ टेलिस्विच’ असं लिहिलेली, तर तिकडे विशेष लक्ष द्या. बीबीसीच्या दीर्घ लहरींवरून, १९८ किलोहर्ट्झवर, रेडिओ फोरच्या कार्यक्रमांसोबत एक न ऐकू येणारा इशारा जायचा आणि लाखो घरांतले हीटर त्यावर चालू-बंद व्हायचे. ती सेवा जून २०२५ च्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली. इशारा गेला की हीटर भलत्या वेळी तापतात, कायम चालू राहतात किंवा चालूच होत नाहीत. डबी अजून असेल तर कंपनीकडून स्मार्ट मीटर बसवून घ्या. हे काम थंडीच्या आधी करा.

तिसरी पायरी : दोन नॉब, दोन वेगळे दिवस

लीड्सला नुकत्याच आलेल्या एका कोल्हापूरच्या मुलाचा फोन होता. ‘दादा, हीटर बिघडलाय. दुपारी दोनला सगळे खटके दाबून बघितले, काहीच होत नाही.’ म्हटलं, ‘अरे, दुपारी त्याला वीजच येत नाही. रात्री एक वाजता हात लाव.’ रात्री त्याचा मेसेज आला की आतून कट-कट आवाज येतोय, काही धोका तर नाही ना? नाही. विटा आणि पत्रा तापून फुगतात, त्याचा तो आवाज. ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा लावल्यावर धूळ जळाल्याचा वास येतो, तोही जातो. आधी बाहेरून पुसून घ्या.

जुन्या हीटरवर दोन नॉब असतात. एकावर ‘इनपुट’, दुसऱ्यावर ‘आउटपुट’, कधी ‘बूस्ट’. सगळा गोंधळ इथेच होतो, कारण लोक दोन्ही नॉब थंडी वाजली की उजवीकडे फिरवतात.

इनपुट म्हणजे आज रात्री किती भरायचं. त्याचा परिणाम उद्या दिसतो. आत्ता थंडी वाजतेय म्हणून इनपुट वाढवण्यात काही अर्थ नाही. झोपायच्या आधी उद्याचं हवामान बघा. उद्या दोन अंश असेल तर पाच-सहावर, दहा-बारा अंश असेल तर तीनवर. दोन-तीन आठवड्यांत तुमच्या घराचा अंदाज येतो.

आउटपुट म्हणजे आतली झडप. ती उघडली की गरम हवा वरून बाहेर पडते. हा नॉब रोज हाताळायचा. सकाळी कामाला जाताना एकवर, म्हणजे बंद. संध्याकाळी आल्यावर थोडा वर. आणि झोपायच्या आधी परत एकवर. हे शेवटचं विसरलं तर रात्रभर विटा भरता भरता धग खोलीत निसटते, पहाटे चारला तुम्ही पांघरूण फेकता आणि संध्याकाळी सातला स्वेटरवर जॅकेट चढवता. ‘स्टोरेज हीटर भंगार असतात’ असं सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी आउटपुट सहावर अडकलेला असतो, असं माझं मत झालंय.

झडप बंद असली तरी जुनी पेटी गळतेच. दुपारभर ती कोमट राहते आणि संध्याकाळी हवी तेव्हा ढेपाळते. हा तिचा दोष आहे, तुमचा नाही. घरात दिवसा कुणी असेल, लहान मूल असेल, आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले असतील, तर ही गळती कामाची ठरते. सगळे आठ ते सहा बाहेर असतील तर ती वाया जाते. संध्याकाळी कमी पडलंच तर एकाच खोलीत तासभर छोटा हीटर लावा. पण २ किलोवॅटचा फॅन हीटर चार तास चालला की वरच्या दराने अडीच पौंड होतात, म्हणजे वरच्या १.७ किलोवॅटच्या पेटीच्या पूर्ण रात्रीपेक्षा जास्त. रोज तेच करावं लागत असेल तर इनपुट वाढवा.

उन्हाळ्यात भिंतीवरचा स्विच बंद करा. नॉब एकवर ठेवला म्हणजे बंद झाला असं नाही.

नवे हीटर असतील तर

२०१८ पासून ब्रिटनमध्ये विकायला येणाऱ्या हीटरना इलेक्ट्रॉनिक नियंत्रण सक्तीचं झालं. त्यातला वरचा वर्ग म्हणजे ‘हाय हीट रिटेन्शन’. पूर्ण भरल्यानंतर २४ तासांनीही त्यात किमान ४५ टक्के उष्णता शिल्लक राहिली पाहिजे, ही त्याची अट. डिम्प्लेक्सचा क्वांटम, एलनूरचा इकोम्बी ही त्यातली नेहमी दिसणारी नावं. आवरण जाड, झडपेऐवजी पंखा, आणि खोलीचं तापमान बघून रात्री किती भरायचं ते हीटर स्वतः ठरवतो.

इथे इनपुट-आउटपुट विसरा. तीनच गोष्टी : घड्याळ बरोबर लावा, हवं ते तापमान द्या, कोणत्या वेळी ऊब हवी ते आठवड्याचं वेळापत्रक भरा. १९-२० अंशांपासून सुरुवात करा. पहिले काही दिवस तो घर समजून घेत असतो, रोज सेटिंग बदलत बसलात तर तो गोंधळतो. आणि भिंतीवरचा स्विच बंद करू नका. याला दोन जोडण्या असतात, एक रात्रीची विटांसाठी आणि एक चोवीस तासांची पंखा आणि डिस्प्लेसाठी.

‘बूस्ट’ बटणापासून मात्र जपून. अनेक मॉडेलांत ते दिवसाची महाग वीज ओढतं. घरात पाहुणे असले की कुणीतरी ते हमखास दाबतं.

गरम पाणी : विसरलेला अर्धा हिशेब

अशा घरांत कपाटात पाण्याची उभी टाकी असते, बहुधा दोन कॉइलची. खालची कॉइल रात्री स्वस्तात पूर्ण टाकी तापवते, वरची दिवसा लागलं तर थोडं पाणी तापवते. वरचीचा स्विच कायम चालू ठेवलेला मी कित्येक घरांत पाहिलाय. तो बंद ठेवा. टाकीचा थर्मोस्टॅट ६० अंशांवर असू द्या. पैसे वाचवायला त्याहून खाली आणू नका, कोमट साठलेल्या पाण्यात फुप्फुसांचा आजार करणारे लिजिओनेला जिवाणू वाढतात. जुन्या तांब्याच्या टाकीला जाकीट नसेल तर ८० मिलिमीटर जाडीचं घाला. स्वस्त आहे, आणि ईपीसीतही धरलं जातं.

भिंतीवरचा इलेक्ट्रिक शॉवर टाकीतलं पाणी घेत नाही, तिथल्या तिथे तापवतो. ९ किलोवॅटच्या शॉवरखाली दहा मिनिटं म्हणजे दीड युनिट, तेही दिवसाच्या दराने.

वॉशिंग मशीन आणि ड्रायर रात्री लावावेत का? अग्निशमन दल झोपेत ही यंत्रं चालवू नका म्हणून सांगतं आणि ते बरोबर आहे. स्वस्त वेळ साडेसातला संपत असेल तर सहाला उठून लावा.

कपडे, फोडणी आणि बुरशी

हीटरवर ओले कपडे टाकू नका. आपल्या घरांत हे सर्रास चालतं. पाण्याच्या रेडिएटरवर फार तर बुरशी येईल, स्टोरेज हीटरचा वरचा भाग बराच तापतो आणि कपडा पेट घेऊ शकतो. समोर सोफा सरकवू नका, पडदा वर लोळू देऊ नका.

कुकरची शिट्टी, फोडणी आणि आंघोळीची वाफ यांना बाहेर काढा. थंडी म्हणून खिडक्या गच्च बंद, एक्झॉस्ट बंद आणि हीटरही अर्धाच, या तिन्हीतून कोपऱ्यात काळी बुरशी येते. सकाळी दहा मिनिटं खिडकी उघडी ठेवल्याने घराची ऊब फारशी जात नाही, बरीचशी भिंतीत असते.

पेटी सत्तरच्या दशकातली वाटली तर तिची पाठ उघडायला जाऊ नका, त्या काळच्या काही हीटरमध्ये ॲस्बेस्टॉस आहे. मालकाला लेखी कळवा.

घर विकत घेतलं असेल तर

छताखालचं इन्सुलेशन (२७० मिलिमीटर हे आजचं प्रमाण), भिंती, खिडक्यांच्या फटी, आणि मग हीटर, हा क्रम. उलट केलात तर गरजेपेक्षा मोठे हीटर विकत घ्याल.

एक चूक फार लोक करतात. जुने स्टोरेज हीटर कुरूप दिसतात म्हणून काढून तिथे बारीक, चकचकीत पॅनेल हीटर बसवतात. वर सांगितलं तसं ईपीसी खर्चावर चालतं. साधे पॅनेल बसवले की ‘मेन हीटिंग’समोर ‘व्हेरी पुअर’ येतो आणि घर एक पायरी घसरू शकतं. पुढे भाड्याने द्यायचं असेल तर हे अंगाशी येतं, कारण भाड्याच्या घरांसाठी किमान पायरी ‘ई’वरून ‘सी’वर न्यायची दिशा सरकारने धरलेली आहे. हाय हीट रिटेन्शन बसवले तर हीटिंगचा आणि नियंत्रणाचा, दोन्ही शेरे सुधारतात. अंगण असलेलं स्वतंत्र घर असेल तर आधी हीट पंपाचा भाव काढा. तो बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणतो, म्हणून एका युनिटमधून तीनच्या आसपास युनिट उष्णता देतो. इंग्लंड-वेल्समध्ये त्याला ७,५०० पौंडांचं अनुदानही आहे. फ्लॅटमध्ये बाहेरचं यंत्र लावायची परवानगी मिळणं कठीण, तिथे स्टोरेज हीटरच व्यवहार्य.

अनुदानाचा अर्ज करताना व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’, म्हणजे सरकारी भत्ते घेता येणार नाहीत, असं लिहिलं आहे का ते बघा. काही योजना सरकारी भत्त्यांशी जोडलेल्या असतात. शंका असेल तर अर्जाआधी सल्ला घ्या.

काम झालं की दाखला आपोआप बदलत नाही, नवा करून घ्यावा लागतो. तपासनीस येईल तेव्हा हीटरचं मॉडेल आणि बिल समोर ठेवा. त्याला मॉडेल ओळखता आलं नाही, तर महागडा नवा हीटर त्याच्या यादीत साधा म्हणून नोंदला जातो. इन्सुलेशनच्या पावत्या आणि छत बंद करण्याआधीचे फोटोही जपून ठेवा. नाहीतर पुन्हा ‘ॲझ्युम्ड’.

भाड्याचं घर सोडताना मीटरच्या दोन्ही आकड्यांचे फोटो काढा आणि दोन्ही कंपनीला कळवा. एकच कळवला तर शेवटचं बिल अंदाजाने बनतं, आणि तो अंदाज कधी आपल्या बाजूने आलेला मी पाहिलेला नाही.